जुन्या गोव्याचं बॉम जेझस: उघडा जांभा मूळचा की गिलावा उतरवलेला?

शाहूपुरी_स्केच

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या जुन्या इमारतींची रेखाटनं करणारा आमचा छोटा गट डिसेंबरात जुन्या गोव्याला निघालाय, आजरा-आंबोलीमार्गे. मुख्य विषय बॉम जेझस बॅसिलिका, तिथलं जुनं चर्च. जायच्या आधीच गटात वाद पेटलाय, म्हणून इथं विचारतोय.

आपल्या डोळ्याला कोल्हापूरचा काळा दगड सवयीचा. नवा राजवाडा बघा, टाऊन हॉल बघा, सगळं उघड्या घडीव दगडात. त्यामुळं बॉम जेझसची लाल, खडबडीत भिंत बघून अर्ध्या गटाला वाटतं की ती मूळचीच तशी. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं असं, की रस्त्यापलीकडं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र आहे, थोडं पुढचं सेंट कॅजेटनही तसंच, मग हे एकटंच लाल कसं? खरं काय? गिलावा काढला असेल तर कुणी, कधी आणि कशासाठी? भिंतीचं त्यानं काय बिघडलं?

दुसरा प्रश्न याला लागूनच आहे. आजरा तालुक्यात जांभ्याच्या चिऱ्यांची एक जुनी इमारत आहे. बाहेरून सिमेंटचा गिलावा मारलेला. तो आता जागोजागी फुगलाय, आतल्या बाजूला लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारे पांढरे क्षार, लागलाय. मालक म्हणतात, सगळा गिलावा पाडून भिंत बॉम जेझससारखी उघडी ठेवू, दिसायलाही भारी दिसेल. करू द्यावं का?

---

चिरेबंदी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. बॉम जेझस गिलाव्याचंच होतं. आज दिसतो तो लाल चेहरा १९५० च्या दशकातला.

पायाभरणी नोव्हेंबर १५९४ मध्ये झाली आणि १५ मे १६०५ ला आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी चर्चचा अभिषेक केला. जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या संघाचं हे चर्च, शेजारचं प्रोफेस्ड हाऊस, म्हणजे त्यांचं निवासस्थान, त्याच्या आधीचं. त्यानंतरची साडेतीन शतकं ही इमारत चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याची सफेदी अशा अंगरख्यात उभी होती. गोव्यातल्या बाकीच्या सगळ्या मोठ्या चर्चांची हीच रीत. जुन्या फोटोंत बॉम जेझस पांढरंच दिसतं.

ज्यांची समाधी या चर्चमध्ये आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर ३ डिसेंबर १५५२ ला वारले, म्हणजे १९५२ हे चारशेवं वर्ष. त्या सुमाराला पोर्तुगीज सरकारनं जुन्या गोव्यातल्या वास्तूंच्या डागडुजीचं मोठं काम काढलं. ते पाहणारे वास्तुविशारद बाल्ताझार काश्त्रो यांनी बॉम जेझसचा बाहेरचा गिलावा खरवडून काढायला लावला. हेतू एकच, इमारत अधिक पुरातन दिसावी. पोर्तुगालमध्ये त्या काळी ही पद्धत रूढच होती. नंतरचे थर काढायचे, आतला दगड उघडा करायचा आणि त्यालाच मूळ रूप म्हणायचं. तिथल्या ग्रॅनाइटच्या भिंतींना ते सोसलंही असेल. जांभ्याला सोसत नाही.

तिथं उभं राहून हे स्वतः ताडून बघता येतं. दर्शनी भिंतीत दोन जातीचे दगड आहेत. भिंतीचं अंग जांभ्याच्या चिऱ्यांचं. खांब, दारांच्या चौकटी, पट्टे, कोरीव भाग हे सगळं काळसर, घट्ट दगडाचं, बेसाल्टचं, आणि तो वसईकडून समुद्रमार्गे आणलेला. काळा दगड कसा काढलाय बघा: कडा धारदार, कोरीवकाम अजून स्पष्ट. शेजारचा चिरा बघा: भोकं, खड्डे, वेडेवाकडे सांधे. एवढी नजर असलेला कारागीर दोन चिऱ्यांचा सांधा असा उघड्यावर कधी सोडणार नाही. तो भाग झाकायचाच होता. पांढऱ्या भिंतीवर काळ्या दगडाची रेघ उठून दिसावी ही मूळ योजना. गिलावा गेला आणि भिंत व नक्षी दोन्ही गडद झाल्यानं ती रेघच हरवली. रेखाटन करताना हे नक्की जाणवेल. लांबून बघितलं तर टप्पे एकमेकांत मिसळतात.

टप्पे चार. खाली तीन दरवाजे, मधला मोठा, बाजूला कोरिंथियन, म्हणजे माथ्यावर पानांची नक्षी असलेले खांब. त्यावर तीन चौकोनी खिडक्या. त्यावर तीन गोल झरोके. आणि सगळ्यात वर कोरीव चौकट, तिच्यात आयएचएस ही जेझुइटांची खूण. दर्शनी भिंत सुमारे ७८ फूट उंच आणि ७५ फूट रुंद, म्हणजे जवळजवळ चौरस. तरी ती उंच वाटते. एकावर एक आलेल्या अर्धस्तंभांनी नजर वर खेचली जाते, आणि पोर्तुगीज चर्चांत नेहमी दिसणारे दर्शनी बाजूचे जोडमनोरे इथं नाहीत. एकच मनोरा आहे, तोही मागं, वेदीच्या बाजूला. उत्तरेच्या अंगाला कमानी धीरे आहेत, भिंत बाहेर कलू नये म्हणून टेकवलेले. रस्त्यावरून तेच आधी दिसतात. त्यांचं वेगळं रेखाटन करा, ती बाजू बहुतेक लोक फोटोतसुद्धा घेत नाहीत.

आत गेलात की भिंतींना गिलावा आहे, सफेदी आहे. बाहेर आणि आत यातला फरक तिथंच उलगडतो.

---

पन्हाळा_पठार

वर बाकी सगळं आलंय, मी दगडाबद्दल लिहितो. कारण वादाचं मूळ तिथंच आहे. कोल्हापूरच्या डोळ्यानं गोव्याची भिंत बघितली की फसायला होतं.

नव्या राजवाड्याचा (१८७७ ते १८८४, मेजर चार्ल्स मँट) दगड बेसाल्ट. लाव्हा थिजून झालेला, दाट, पाणी जवळजवळ न पिणारा. नीट घडवून सांधे भरले की त्याला गिलाव्याची गरज नाही. पाऊस पडतो, ओघळून जातो. जांभा हा त्याच बेसाल्टसारख्या खडकाचं लाखो वर्षांच्या ऊनपावसानं झालेलं रूपांतर. पाण्याबरोबर सिलिका आणि क्षार धुऊन गेले, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागं राहिली. लाल रंग लोहाचा. मधे मधे मातीचे कप्पे, नळ्या, पोकळ्या. लांब जायला नको, मसाई पठारावर चढलात की पायाखाली तोच आहे. पन्हाळ्याच्या माथ्यावरही तोच थर.

खाणीतून निघताना जांभा ओलसर आणि मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्यारानंही चिरा तासता येतो. वाऱ्यावर ठेवला की वरचा पापुद्रा कडक होतो. हा गुण ऐकून लोक समजतात, की उघडा ठेवला तर आणखी टणक होत जाईल. अर्धंच खरं आहे हे. कडक होतो तो पापुद्रा. आतले मातीचे कप्पे मऊच राहतात, आणि पापुद्रा एकदा खरवडला गेला की पाऊस थेट त्या मातीवर. भारतीय मानक आयएस ३६२० बांधकामाच्या चिऱ्याला वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत पाणी शोषण चालवून घेतं आणि दाबबळ किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर मागतं. बेसाल्टचं दाबबळ याच्या कितीतरी पट. म्हणजे चांगल्यातला चांगला चिराही भरपूर पाणी पितो.

आता गोव्याचा पाऊस धरा, वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत, पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर तिरका. आणि बॉम जेझसची दर्शनी भिंत पश्चिमेकडं तोंड करून. ओल आत जाते, मातीचे कण घेऊन बाहेर येते, पोकळी वाढते. पावसाळा संपला की भिंत वाळताना क्षार पृष्ठभागाशी येऊन स्फटिक होतात आणि दाणा दाणा सुटतो. पोकळीत शेवाळ धरतं, शेवाळात बी पडतं, पिंपळाचं किंवा वडाचं मूळ सांध्यात शिरतं. सगळ्यात आधी झिजतात चिऱ्याच्या कडा आणि सांध्यातला चुना. सांधा रिकामा झाला की पावसाला भिंतीच्या गाभ्यात शिरायला वाट मिळते, आणि जाड जुन्या भिंतींचा गाभा बहुतेक वेळा दगडगोटे-चुन्याच्या भराईचा असतो. तिथं पोचलेलं पाणी लवकर बाहेर येत नाही.

म्हणून गोव्यात गिलावा हा भिंतीचाच भाग धरायचा. तो झिजायचा, चिरा टिकायचा. काही वर्षांनी गिलावा पुन्हा. सफेदी तर दरवर्षी.

गिलावा आणि छप्पर दोन्ही गेल्यावर काय होतं ते त्याच गावात, मोन्ते सांतोच्या टेकडीवर बघायला मिळेल. सेंट ऑगस्टिनचं चर्च, १६०२ चं. धार्मिक संघांवर बंदी आली आणि १८३५ मध्ये मठ ओस पडला. १८४२ मध्ये दालनाचं कमानी छत कोसळलं. म्हणजे देखभाल थांबल्यावर फक्त ७ वर्षांत. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज ४६ मीटरच्या मनोऱ्याचा उरलेला भाग तेवढा उभा आहे, निव्वळ जांभा. त्याच्या पायथ्याशी उभं राहून चिऱ्यांचे थर मोजा, कुठले जास्त खाल्ले गेलेत ते बघा. झिजलेला चिरा आणि टिकलेला चिरा शेजारी शेजारी सापडतील, कारण खाणीतल्या एकाच थरातसुद्धा माल एकसारखा नसतो.

---

शाहूपुरी_स्केच

दोघांचेही आभार. वाद मिटला. आता आजऱ्याच्या इमारतीचं सांगा. सिमेंट काढून चुना करायचा ठरला तर नेमकं काय, किती, कुठल्या महिन्यात? मालक गवंड्याला विचारतात तर गवंडी म्हणतो चुना टिकत नाही, सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंग टाकून देतो.

---

घाणीचा_चुना

उघडी ठेवू देऊ नका, आणि वॉटरप्रूफिंगवालं सिमेंट तर मुळीच नको.

आधी सिमेंट का फुगलं ते समजून घ्या. जांभा उन्हाथंडीनं आणि ओलीनं थोडा हलतो. सिमेंटचा थर ताठ, तो हलत नाही, म्हणून केसासारख्या भेगा पडतात. भेगेतून पाणी आत जातं, शिवाय जमिनीतून ओल वर चढत असतेच. सिमेंटमधून वाफ बाहेर पडत नाही, मग पाणी चिरा आणि गिलावा यांच्यामधे साचतं. सिमेंटमधले क्षार त्यात मिसळतात. चिऱ्याची वरची पाव-अर्धा इंच माती भुसभुशीत होते, आणि गिलावा पडतो तेव्हा ती पाठीला घेऊनच पडतो. आतल्या बाजूला लोणा लागला याचा अर्थ ओलीला बाहेर वाट मिळाली नाही, ती आत वळली. वॉटरप्रूफिंगनं हीच वाट आणखी बंद होईल.

पहिलं काम छप्पर आणि पाणी. फुटकी कौलं, पन्हळ, पागोळी भिंतीवर पडते का, भोवतीची जमीन भिंतीकडं उतरलीय का, कुणी भिंतीला लागून सिमेंटचा कोबा केलाय का. हे न करता केलेला कुठलाही गिलावा वाया जातो.

मग लाकडी मूठ घेऊन भिंतभर ठोका. बद्द आवाज येईल तिथं खडूनं खूण करा. सुटलेला भाग छिन्नी तिरकी धरून, हातानं, वरून खाली काढा. ब्रेकर लावू नका, त्याच्या हादऱ्यानं शाबूत चिरेही फुटतात. जिथं सिमेंट चिऱ्याला घट्ट धरून आहे आणि काढताना दगड सोलला जातोय तिथं थांबा, तेवढा तुकडा राहू द्या. दोन-चार पावसाळ्यांत तो स्वतःच सुटेल.

गिलावा निघाला की भिंत वाळू द्या. जमलं तर एक पूर्ण उन्हाळा. लोणा कोरड्या कुंचल्यानं झाडून, गोळा करून लांब टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतलं की तो पुन्हा आत जातो. जास्त असेल तर कागदाचा लगदा आणि पांढरी माती साध्या पाण्यात कालवून दोन सेंटिमीटरचा लेप द्या, पूर्ण वाळल्यावर काढून टाका. दोन-तीन वेळा करावं लागतं. क्षार लेपात उतरतात.

सांधे एक इंच खोल उकरून मोकळे करा, चुन्यानं भरा, मोठ्या फटीत चिऱ्याच्या कपच्या ठोका. पोकळ झालेल्या चिऱ्यातही तसंच. सगळी खोली एकाच थरात भरायची नाही, नाहीतर जाड जागी भेग पडते.

आता चुना. कळीचा, म्हणजे भट्टीतून निघालेला न विरलेला चुना ताजा घ्या, हवेत पडून भुकटी झालेला नको. पाण्याच्या टाकीत चुना टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो. डोळ्याला चष्मा, हातात मोजे, बाजूला स्वच्छ पाण्याची बादली. विरला की चाळणीतून गाळून वर बोटभर पाणी राहील असा झाकून ठेवा. कमीत कमी ३ आठवडे, ३ महिने मिळाले तर उत्तम. कच्चे खडे राहिले तर ते भिंतीत गेल्यावर विरतात आणि गिलाव्याला गोल खड्डे पडतात. पहिल्या वर्षातच असे खड्डे दिसले तर दोष चुन्याच्या मुरण्यात आहे, गवंड्याच्या हातात नाही.

वाळू नदीची, मातीविरहित, ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ घालून हलवा आणि ३ तास ठेवा. वर गाळाचा थर वाळूच्या आठ टक्क्यांपेक्षा जास्त आला तर वाळू धुऊन घ्या. खाडीची किंवा समुद्राची वाळू चालणार नाही, लोणा विकत घेतल्यासारखं होईल.

प्रमाण मापानं धरा, वजनानं नाही. एक भाग चुना, तीन भाग वाळू. जमिनीलगतच्या तीन-चार फुटांत, जिथं ओल असते तिथं, एक चुना, एक सुर्खी, दोन वाळू. सुर्खी म्हणजे चांगल्या भाजलेल्या विटेचा बारीक चुरा. तिच्यामुळं चुना ओलीतही धरतो. आधी चुना-वाळू मिसळून घाणीत, म्हणजे दगडी चाक फिरतं त्या चरात, मळून घ्या. घाणी नसेल तर मिक्सरपेक्षा जमिनीवर फावड्यानं आणि मोगरीनं कुटलेलं बरं. पाणी शक्यतो न वाढवता मळत राहिलं की मिश्रण आपोआप सैल होतं. गवंडी पाणी मागतो तिथंच पुढच्या भेगा ठरतात. पहिल्या थरात बोटभर लांबीचे तागाचे तुकडे घाला, भेगा धरून ठेवायला.

गूळ आणि हिरडा घालायची जुनी पद्धत आहे. हिरडा ठेचून, भिजवून, गाळून त्याचं पाणी. गूळ कोल्हापूरचाच, पण पातळ पाण्यात. यानं मिश्रण लोण्यासारखं सरकतं आणि घट्ट व्हायला वेळ मिळतो. जास्त घातलात तर मुंग्या, बुरशी आणि कमकुवत गिलावा. आधी दोन बाय दोन फुटांचा नमुना करून महिनाभर बघा, मगच भिंतीला हात लावा.

लावायच्या आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, सकाळी परत. ओलसर हवी, निथळणारी नको. कोरडा जांभा चुन्यातलं पाणी क्षणात ओढून घेतो आणि थर पावडर होऊन सुटतो. पहिला थर १० ते १२ मिलिमीटर, फेकून मारलेला, खरवडून खडबडीत ठेवलेला. अंगठ्याच्या नखानं ओरखडा नीट उठेनासा झाला की दुसरा थर, ८ ते १० मिलिमीटर. मधे सात-आठ दिवस लागतातच. दुसरा थर घट्ट होत असताना रंध्यानं परत परत दाबून घासा. बारीक भेगा त्याच वेळी मिटतात. शेवटी बारीक वाळूचा दोन-तीन मिलिमीटरचा हात. सिमेंटसारखा गुळगुळीत घोटू नका.

ओली पोती लटकवून १४ दिवस सावली आणि ओलावा. पाण्याचा फवारा बारीक, दिवसातून दोन-तीनदा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन परत दगड होतो, आणि त्याला थोडी ओल लागते. पूर्ण सुकला की ती क्रिया थांबते, फार ओला राहिला तर हवा आत शिरत नाही. "चुना टिकत नाही" असं गवंडी म्हणतात, कारण सिमेंटच्या सवयीनं दुसऱ्या दिवशी परांची उतरवतात.

महिना? आजऱ्याकडं पावसाची ओल दिवाळीपर्यंत भिंतीत असते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू करून जानेवारीअखेर गिलावा संपवा. म्हणजे पावसापूर्वी चुन्याला चार महिने मिळतात. मार्चनंतर ऊन फार ओढतं.

वर सफेदी, पातळ, पाच-सहा हात, रोज एक. जाड दोन हात मारले की पोपडे येतात. त्यावर प्लास्टिक पेंट कधीच नको, नाहीतर सगळी मेहनत पुन्हा बंद डब्यात.

---

दरजा_भरणारा

घाणीचा_चुना यांनी पद्धत उत्तम दिलीय, फक्त एक जोड. सुर्खीच्या जागी गवंडी "थोडं सिमेंट टाकू" म्हणतील. एक-दहामांशही नको. त्यातले क्षार जांभ्यात उतरतात आणि मिश्रण अर्धवट कडक, अर्धवट मऊ राहतं.

बॉम जेझसबद्दल मात्र थोडा सावध आहे. तिथं गिलावा परत चढवा अशी मागणी होते, ती तत्त्वानं मला पटते. पण ७० वर्षं उघडी राहिलेली भिंत आणि १९५० ची भिंत एक नाही. चिऱ्यांचा वरचा कडक पापुद्रा बऱ्याच ठिकाणी गेलाय, पोकळ्यांत क्षार, शेवाळ आणि झाडांची मुळं आहेत. अशा भिंतीवर थेट गिलावा चढवला तर क्षार त्यालाच ढकलतील. आधी सांधे, भराई, क्षार उतरवणं, मग एका कोपऱ्यावर नमुना, त्याच्यावरून किमान दोन पावसाळे. दर्शनी बाजूचं काम सगळ्यात शेवटी, कारण बेसाल्टच्या कोरीव कडांशी गिलावा कुठं थांबवायचा, किती जाड ठेवायचा हे तिथं मिलिमीटरनं ठरवावं लागेल. जुन्या फोटोंवरून जाडीचा अंदाज येतो, पण काम सुरू करण्याआधी प्रत्येक चौकटीशी मोजमाप घ्यावंच लागतं.

दुसरी गोष्ट, ही केंद्र संरक्षित वास्तू आहे आणि १९८६ पासून जुन्या गोव्याची चर्चं जागतिक वारसा यादीत आहेत. तिथं भिंतीला हात लावणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतलं. भोवतीचे १०० मीटर बांधकामाला बंद, पुढचे २०० मीटर नियंत्रित. आजऱ्याची इमारत संरक्षित नसेल तर तिथं ही अडचण नाही, तरी काम सुरू करायच्या आधी चारही भिंतींचे फोटो आणि मापं घेऊन ठेवा.

---

चिरेबंदी

दरजा_भरणारा यांचं म्हणणं मान्य, सांधे आणि क्षार आधी. पण उघडी भिंत तशीच राहू देणं म्हणजे काहीच न करणं नव्हे, तोही एक निर्णय आहे आणि दर पावसाळ्यात त्याची किंमत दगड देतो. पश्चिमेची भिंत नमुन्याच्या दोन वर्षांत आणखी झिजणार. म्हणून नमुना दर्शनी भिंतीच्या आडबाजूला, पण पावसाच्या माऱ्याच्याच दिशेला घेतला पाहिजे. सावलीच्या कोपऱ्यातला नमुना टिकला यावरून काही कळत नाही.

गटाला दिवसाची आखणी हवी असेल तर. से कॅथेड्रलची दर्शनी बाजू पूर्वेकडं, बॉम जेझसची पश्चिमेकडं. सकाळचं ऊन सेवर, दुपारनंतर बॉम जेझसवर. से १५६२ ला सुरू होऊन १६१९ ला मुख्य काम संपलं. दर्शनी बाजूला दोन मनोरे होते, त्यातला एक १७७६ मध्ये पडला आणि परत बांधला नाही. उरलेल्यात सोन्याची घंटा म्हणून ओळखली जाणारी मोठी घंटा आहे. रेखाटन करताना पडलेल्या मनोऱ्याची जागा रिकामी सोडा, दर्शनी बाजूचा तोल तिथं कळतो. बाहेर साधी टस्कन शैली, आत कोरिंथियन.

भर दुपारी उन्हात उभं राहू नका, तेव्हा बॉम जेझसच्या आत जा. बाजूला खांबांच्या ओळी नसलेलं एकच सलग दालन, म्हणून सोनेरी वेदी दारातूनच पूर्ण दिसते. मधे जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती, त्यांची नजर वर आयएचएसच्या तेजोवलयाकडं, त्यांच्या पायाशी बाळ येशू. चर्चचं नाव त्या बाळावरूनच, बॉम जेझस म्हणजे चांगला येशू. प्रवचनपीठ आणि त्याच्यासमोर उत्तरेच्या भिंतीला दों जेरोनिमो मास्कारेन्यस यांचं स्मारक. ते कोचीनचे कप्तान, १५९३ ला वारले, त्यांच्या मागं ठेवलेल्या पैशातून चर्च उभं राहिलं.

उजव्या हाताला झेवियर यांची समाधी. तिचे तीन भाग वेगवेगळ्या गावचे आणि काळाचे, ते वेगळे रेखाटा. वरची चांदीची पेटी गोव्यातल्या सोनारांची, १६३६-३७ ची. खालचा संगमरवरी आणि रंगीत दगडांचा चौथरा फ्लॉरेन्सचा. शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी, देणगी टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरे यांची, इथं जोडला १६९८ मध्ये. चौथऱ्यावर काशाच्या चार पट्ट्या, झेवियर यांच्या आयुष्यातले प्रसंग. लांबून त्या नीट दिसत नाहीत, छोटी दुर्बीण जवळ ठेवा.

वेळ उरला तर मोन्ते सांतोवर ऑगस्टिनचा मनोरा आणि जवळच रोझरी चर्च, १५४४ ते १५४९ चं, किल्ल्यासारखं, दगडात दोरखंडाची नक्षी. तिथं गिलावा शाबूत आहे. उघडा मनोरा आणि झाकलेलं रोझरी एकाच टेकडीवर थोड्याच अंतरानं आहेत.

रविवार सकाळ टाळा, प्रार्थना चालू असते. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे घाला. आत चित्रफलक आणि स्टूल मांडू नका. छोट्या वहीला कुणी अडवत नाही, तरी दारावर विचारून घ्या.

---

शाहूपुरी_स्केच

मालकांना घाणीचा_चुना यांचा पूर्ण प्रतिसाद छापून दिलाय. त्यांचा एक प्रश्न. जानेवारीत गिलावा संपला आणि फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला तर?

---

घाणीचा_चुना

तीन आठवड्यांहून जास्त झाले असतील तर साध्या सरीनं काही होत नाही. त्याहून ताजा असेल तर पोती तशीच ठेवून वरून ताडपत्री, पण भिंतीपासून हातभर लांब, खाली-वर वारा खेळता ठेवून. ताडपत्री भिंतीला चिकटवलीत तर आतली वाफ गिलाव्यावर पाणी होऊन ओघळते. पाऊस थांबला की ताडपत्री लगेच काढा आणि परत एकदा लाकडी मुठीनं ठोकून बघा. सुटलेला तुकडा वेळेत कळला तर तेवढाच काढून भरता येतो.